शेवटच्या बाकावरची माया

मूर्तिजापूरला पास्कल तायडेंच्या घरी दिवेलागणीच्या वेळी कोणी आलं तर त्याला ओट्यावर बसून राहावं लागे. आत रोझरी चालू असायची. पास्कल रेल्वेत कामाला होते, आवाज खणखणीत. सगळी भावंडं मारियामाईच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून बसायची आणि माळेतल्या दहा-दहा मण्यांची प्रार्थना एकेकानं सांगायची. मायाचा नंबर तिसरा. कोणी आजारी असलं, परगावी गेलं, तर त्याचे दहा मणी बाप स्वतः सांगे. घरातल्या कोणाच्याही नावचे मणी सुटता कामा नयेत, असा त्याचा नेम होता.

बारावीनंतर माया अमरावतीला आली. एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली आणि चर्चच्या मठातल्या सिस्टरांच्या वसतिगृहात राहू लागली. शनिवारी चर्चची वेदी फुलांनी सजवायचं काम सिस्टरांनी तिच्याकडे दिलं. ती फुलबाजारातून निशिगंध आणायची, आणि तो बहुतेक वेळा देवीदास होलेकडूनच घ्यायची. देवीदास तिवस्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला माळी. घरचीच शेती, निशिगंध, शेवंती, झेंडू. पहाटे तोडून मोटारसायकलवर बांधून आणायचा.

एकदा त्यानं विचारलं, "तुमच्या देवाले झेंडू नाही चालत का जी?"

"चालते. पण सिस्टरले पांढरीच फुलं पायजेत."

पुढच्या शनिवारी त्यानं निशिगंधासोबत केळीच्या पानात गुंडाळलेले चार टपोरे झेंडू दिले. "हे सिस्टरले नका दाखवू. देवाले द्या."

मायानं ते वेदीच्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाहीत असे ठेवले. तिथून सगळं सुरू झालं, असं ती पुढे सांगायची.

लग्न दोघांनी कोर्टात केलं. पास्कल तायडे आले नाहीत. "चर्चमध्ये झालं नाही ते लग्न मी मानत नाही," एवढाच निरोप त्यांनी पाठवला. इकडे देवीदासचे वडील खुशालराव दारात उभे राहून म्हणाले, "सून घरात येईन. तिचा देव येनार नाही." सासू माणिकबाईनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला हाताला धरून आत नेलं.

आपण काय सोडतोय हे मायाला ठाऊक होतं. मिस्सा म्हणजे रविवारची उपासना. तीत फादर भाकर आणि द्राक्षरस वेदीवर अर्पण करतात, आणि मग लोक रांगेनं पुढे जाऊन ती पातळ पांढरी भाकर घेतात. ते ख्रिस्ताचं शरीर. मायानं ते पहिल्यांदा घेतलं तेव्हा ती तिसरीत होती. आईनं स्वतःच्या लग्नातल्या साडीचा फ्रॉक शिवला होता. तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता. पण चर्चच्या परवानगीशिवाय बाहेर लग्न केलेल्याला मिस्सेला बसता येतं, प्रार्थना म्हणता येतात, ती भाकर मात्र घेता येत नाही.

तिला वाटलं होतं, सवय होईल. झाली नाही.

होल्यांचं घर वाईट नव्हतं. माया फुलं तोडायला शिकली, हार गुंफायला शिकली, वऱ्हाडी ठेचा सासूपेक्षा जहाल करू लागली. हार गुंफताना तिचे ओठ हलायचे. दहा फुलं, मग एक पान, पुन्हा दहा फुलं. माणिकबाईच्या ते लक्षात आलं.

"मनातल्या मनात काय म्हणून राहिली व?"

"प्रार्थना, आई."

माणिकबाईनं ओसरीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "म्हन. पन ओठ कमी हालव."

प्रणाली झाली तेव्हा मायाला तिचा बाप्तिस्मा करायचा होता. खुशालरावांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. देवीदास म्हणाला, "मोठी झाली का तिचं ते ठरवन. तिले दोनी सांगू." बाप्तिस्मा राहिला. तेव्हापासून मात्र देवीदास महिन्यातून एका रविवारी तिला मोटारसायकलवर अमरावतीला नेऊ लागला. गावात बाजाराला जातो म्हणून सांगायचा. तिला फाटकाशी उतरवून स्वतः समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा.

माया शेवटच्या बाकावर बसायची. मिस्सेत सगळं ठीक चालायचं, गाणी म्हणायची, गुडघे टेकायची. मग ती वेळ यायची. बाकांमागून बाकं रिकामी व्हायची, रांग पुढे सरकायची, तिच्या शेजारच्या बायका तिला ओलांडून जायच्या आणि हात जोडून, खाली मान घालून परत यायच्या. तेवढा वेळ माया रिकाम्या बाकांमध्ये एकटी बसलेली असायची. एकदा सातेक वर्षांच्या प्रणालीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, तू काऊन जात नाही? तुले देत नाहीत का?"

माहेरी बापानं तिचं नाव घेणं टाकलं होतं. आई लपूनछपून फोन करायची. एकदा तिनं सांगितलं, "बाप तुयावर रागावून आहे, पन तुये दहा मनी सोडत नाही. रोज स्वतः सांगते. कोनी विचारलं तर म्हन्ते, घरात एक जन कमी आहे."

ते ऐकून माया धावत मूर्तिजापूरला गेली असती. पण आई म्हणाली, थांब, त्याला थोडं निवू दे. पास्कल तायडे निवले नाहीत. त्याच उन्हाळ्यात गेले. मायानं त्यांना माती दिली आणि संध्याकाळी भावंडांसोबत गुडघे टेकून आपले दहा मणी आपणच सांगितले.

पुढे चर्चमध्ये वसईकडचे एक फादर आले. तरुण होते, चौकस होते. शेवटच्या बाकावरची ही बाई कधीच रांगेत येत नाही, हे त्यांनी पाहिलं. एकदा मिस्सेनंतर त्यांनी तिला थांबवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"यावर वाट आहे," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला धर्म बदलायची गरज नाही. बिशपांची परवानगी घेऊ. तुम्ही दोघांनी वेदीपुढे उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं. दोन साक्षीदार लागतील, बस्स."

माया फाटकाकडे जवळजवळ पळतच आली. टपरीवर चहा अर्धा टाकून देवीदासनं ते ऐकलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "मंग मले काय अडचन आहे? तुयासंगच तर लगन करायचं आहे."

दोघं हसले. पण घरी खुशालरावांपुढे विषय निघाला आणि सगळं फिस्कटलं. "तिथं जाऊन उभा राहिला का गाव म्हनन बाटला. उद्या पोरीले स्थळ कोन देईन? मी जिता आहो तोवर हे होनार नाही."

देवीदास बापापुढे बोलणारा माणूस नव्हता. शेतात तो मायाला म्हणाला, "म्हातारं झालं आहे. थांबू थोडं. बाबा आहेत तोवर."

"थांबू," माया म्हणाली.

पुढच्याच वर्षी खुशालरावांना लकवा मारला. अर्धं अंग गेलं, वाचा अडखळली. त्यांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कूस बदलणं सगळं मायाकडे आलं. दवाखान्यात तिनं तेच काम केलं होतं. ती ते नीट करायची. कधीकधी घास भरवताना मनात यायचं, याच माणसामुळे माझा घास अडलाय. मग ती दचकायची आणि त्यांचं तोंड जास्तच हळू पुसायची.

अशी वर्षं गेली. प्रणाली धामणगावला नर्सिंगला गेली. आणि एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूचा सगळा माल विकून झाल्यावर, देवीदास फुलबाजारात रिकाम्या पोत्यांवर टेकला तो उठलाच नाही. सोबतच्या माळ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. काही उपयोग झाला नाही. पन्नाशीही आली नव्हती.

ज्यांच्यासाठी थांबायचं ठरलं होतं ते खुशालराव घरात खाटेवर होते. मुलाला अंगणात आणलं तेव्हा ते धड असलेला एक हात नुसता हलवत राहिले.

तेरवी झाली, दिवाळी अंधारातच गेली. नाताळाच्या आधी फादर गावी भेटायला आले. माणिकबाईनं त्यांना खुर्ची दिली, चहा केला. निघताना ते मायाला अगदी हळू म्हणाले, "बाई, घाई नाही. पण माहीत असावं म्हणून सांगतो. आता तुला अडचण राहिलेली नाही. पापनिवेदन करून तू ख्रिस्तशरीर घेऊ शकतेस."

त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण माया दाराची चौकट धरून उभी राहिली. अडचण राहिली नाही. म्हणजे देवीदास राहिला नाही.

त्या नाताळाला ती चर्चला गेली नाही. ईस्टरलाही नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव तुटला ते आता हात पुढे करताच मिळणार होतं, आणि तिचा हात पुढे होत नव्हता. रात्री भाकरी थापताना तिला दोन्ही आठवायचं, ती पातळ पांढरी भाकर आणि तव्यावरची पहिली भाकरी उभ्यानंच खाणारा नवरा. एक मिळवायचं तर दुसरा नसायला हवा होता, असा हिशेब कोणी मांडला असेल, हे तिला कळत नव्हतं. ओठ हलायचेही थांबले. माणिकबाईनं तेही पाहिलं.

शेवंतीची लावण चालू होती तेव्हा सासू वाफ्यात तिच्याशेजारी येऊन बसली.

"चर्चात काऊन नाही जात आताशा?"

मायानं टाळलं. माणिकबाई हलली नाही. शेवटी मायानं सगळं सांगितलं. ती रांग, ते शेवटचं बाक, फादरांचं बोलणं. माणिकबाईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. तिनं हातातलं रोप मातीत दाबलं.

"म्हन्जे त्याच्यापायी तू इतकी वर्षं उपाशी राहिली?"

"तसं नाही, आई."

"तसंच आहे. आन आता तो गेला म्हून अजून उपाशी राहून राहिली. त्याले हे आवडलं असतं का? तुले जेवाले उशीर झाला तर ओरडे तो, मायानं खाल्लं का म्हून." तिनं दुसरं रोप उचललं. "मायं लेकरू काई कोनाची अडचन नव्हतं. तू जाय. जाऊन सांग तुया फादरले."

रविवारी दोघी एस.टी.नं अमरावतीला गेल्या. खुशालरावांपाशी सुट्टीला आलेली प्रणाली थांबली. मिस्सेआधी माया पापनिवेदनाला बसली. जाळीपलीकडे फादर होते.

"फादर, मी बापाचं मन दुखवलं. सासऱ्यावर मनात राग धरला, खूप वर्षं. प्रार्थना सोडली. हे सगळं सांगते. पण देवीदाससंग संसार केला, ते पाप म्हणून मी सांगणार नाही. माझ्या तोंडातून ते निघणार नाही."

"चर्चला सोडून लग्न केलंस, त्याबद्दल काय वाटतं?" फादरांनी विचारलं.

"त्याचं वाईट वाटतं. रोज वाटलं. आम्ही दोघं इथं येऊन उभे राहणार होतो."

"मग तेवढंच सांग. त्याच्यावर प्रेम केलंस, त्याची माफी देव मागत नाही." मग ते म्हणाले, "आणि त्या दिवशी मी जे बोललो ते असं बोलायला नको होतं."

मिस्सेत ती वेळ आली. बाकं रिकामी होऊ लागली. माया उठली, पण बाकाशीच थांबली. माणिकबाईनं तिच्या पाठीला हात लावला, लहान पोराला पुढे ढकलावं तसा. माया रांगेत गेली. फादर म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." ती म्हणाली, "आमेन."

तिला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी काहीतरी भरून येईल, उजेड पडल्यासारखं होईल. तसं झालं नाही. जिभेवर ती भाकर तशीच होती, बिनचवीची, लगेच विरघळणारी. तिसरीतल्या फ्रॉकमधल्या मुलीला लागली होती तशीच. ती जागेवर येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिला बाप आठवला, देवीदास आठवला, आणि दोघांपैकी कोणालाच हे सांगता येणार नाही हे कळून ती रडली. रडली तरी उठून गेली नाही. त्यानंतर ती दर रविवारी जाऊ लागली.

दसरा पुन्हा आला. मायानं फादरांना विचारलं, माझ्या नवऱ्यासाठी मिस्सा अर्पण करता येईल का, तो आपल्यातला नव्हता. फादर म्हणाले, कोणासाठीही करता येते. त्या रविवारी माणिकबाई नवं लुगडं नेसून आली. फादरांनी वेदीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजची मिस्सा देवीदास खुशालराव होले यांच्यासाठी अर्पण करत आहोत."

माणिकबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. वर्षभरात गावात कोणी ते नाव असं पूर्ण, मोठ्यानं घेतलं नव्हतं. लोक तिच्यासमोर ते टाळायचेच.

बाहेर आल्यावर ती फाटकाशी थांबली.

"आता पुन्हा कवा घेतीन त्याचं नाव?"

"पुढच्या दसऱ्याले, आई."

"वर्षभर थांबा लागते का?"

सासूचा हात धरून माया परत आत वळली, फादर अजून वेदीपाशी आहेत का ते पाहायला.