दारापेक्षा उंच रस्ता

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरात शिरलेलं पाणी उपसणं. ती बालदी भरून द्यायची, मी मागच्या दारानं ओतायचो. पदर खोचून पोटरीभर पाण्यात उभी, आणि म्हणते कशी, "सायबाक सांगा, तुमची वैनी पोवूक शिकली." दोघंही हसलो. मग छातीत कळ आली म्हणून खाटेवर टेकली, ती बसल्या जागीच गेली.

हा साहेब कोण ते सांगतो. पेडण्याहून आमच्या गावात रस्ता आला तेव्हा तो नवाकोरा ओव्हरसियर होता. रस्ता होईपर्यंत आमच्या पडवीत राहिला. हिच्या हातची पेज आणि सुके बांगडे खाल्ले, हिला वैनी म्हणाला. रस्ता तेव्हा आमच्या उंबऱ्याखाली होता, दोन पायऱ्या उतरून जायचो.

मग तो चढत गेला. इंजिनियर झाला, शहराचा इंजिनियर झाला, शेवटी सगळ्या खात्याचा मोठा साहेब. मराठी-कोकणीच्या भांडणात आमच्याकडे मराठीवाला, पणजीत कोकणीवाला, दोन्हीकडे गोड. आमचं वेगळं राज्य झालं, मंत्री वाढले. मंत्री येणार म्हटलं की आमच्या रस्त्यावर डांबर पडायचं. जुनं खरवडायचं नाही, गटार काढायचं नाही, नुसता वर नवा थर. मंत्री खूश, कंत्राटदार खूश, साहेबाला बढती. आमच्या पायऱ्या डांबराखाली गेल्या, मग उंबरा बुडाला. शेवटी घरातून रस्त्यावर चढून जायची पाळी आली, आणि रस्त्याचं सगळं पाणी आमच्या चुलीत.

ही दर वर्षी त्याला भेटायला जायची. काजू, फणस, घरात असेल ते घेऊन. मागणं एकच, दारासमोर गटार. तो म्हणायचा, करतो वैनी. ही घरी येऊन मलाच समजवायची, मोठा माणूस, त्याला शंभर कामं. मला शिसारी यायची, त्याची आणि त्या फणसाचीसुद्धा.

ती गेल्याचं कळलं तसा संध्याकाळी आला. डिचोलीचं काम टाकून आलो, असं चारचौघांना सांगितलं. तिरडी दारातून रस्त्यावर चढवायची म्हणजे पुढच्यांनी वर ओढायची, मागच्यांनी खालून रेटायची. ती घसरली. माझ्या मेव्हण्यानं छातीनं अडवली, नाहीतर पाण्यातच पडली असती. हा वर रस्त्यावर, कोरड्या बुटांत, हात जोडून. तिरडी धड खांद्यावर आली नाही तोच बरोबरच्या माणसाला हळू सांगतो, "इथं कड सुटलीय. एक थर घालून घ्या."

मी ऐकलं हे त्याला कळलं असावं. जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, गटाराचं दिवाळीपर्यंत करतो."

"नको," मी म्हटलं. "ती जाता तिथं पाणी येत नाय. तुम्ही मसणात येऊ नका."

गाडीत बसून गेला. लोक मलाच बोलले. एवढा मोठा माणूस दारी आला, आणि तुझी जीभ ही अशी.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, सुतकात, मी पिकास, म्हणजे टोकदार कुदळ, घेतली आणि दारासमोरची डांबराची कड फोडायला लागलो. थरावर थर, भाकरीच्या चवडीसारखे सुटत होते. म्हापशाची बस येऊन थांबली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला, मग खाली उतरून विचारलं, काय चाललंय.

गटार, म्हटलं.