शब्दाला शब्द

धाकटी सरकारी दुभाषी होती. पाहुण्यांपुढे कुणी रडगाणं गायलं, की हिच्या तोंडून ते कौतुक होऊन बाहेर पडायचं. त्यावरून थोरल्या बहिणीनं तिच्याशी बोलणंच टाकलं. मग एक दिवस 'देशसेवा' म्हणून थोरलीलाच शाळेतल्या नोकरीवरून उचलून सूतगिरणीत जुंपलं, आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या तपासनिसाला घेऊन धाकटी नेमकी त्याच गिरणीत आली.

तपासनीस भला माणूस, आणि असल्या ठिकाणी भल्या माणसासारखी आफत नाही. त्यानं मॅनेजरला बाहेर काढलं, समोर दिसली ती बाई बॉबिनच्या खोलीत बोलावली आणि दार लावलं. ती थोरली निघाली. केसांत कापूस, बोटांना चिंध्या.

"सांग तुझ्या साहेबाला," ती म्हणाली, "आपखुशीनं इथं कुणी आलेलं नाही. रात्री कुलूप लावतात. धागा तुटला की मारतात. तू सांगणार नाहीसच म्हणा."

नोकरीत पहिल्यांदाच धाकटीनं ऐकलं तसं सांगून टाकलं.

पाहुणा हळहळला. पण दुसरी बाजूही ऐकायला हवी ना! त्या शहाण्यानं थोरलीच्या देखतच मॅनेजरला आत घेतलं आणि म्हणाला, "विचारा यांना, बायकांना मार देता का?"

प्रश्न मॅनेजरच्या कानी पडला असता, तर तो कुणी काढला हे त्याला सांगावं लागलं नसतं. थोरली संध्याकाळपर्यंत कुठल्या कुठे गेली असती.

"पाहुणे विचारतायत," धाकटी मॅनेजरला म्हणाली, "बायकांना पोटभर जेवण देता ना?"

"देतो की," मॅनेजर खुशीत म्हणाला. "रोज. एकीलाही सोडत नाही."

हे उत्तर मात्र तिनं शब्दाला शब्द पोचवलं. पाहुणा पांढराफटक पडला. आता अहवालात थोरलीची तक्रार नाही, मॅनेजरची कबुली जाणार होती. तो छापून आला की मॅनेजर कानांवर हात ठेवेल आणि मान दुभाषीचीच पकडतील, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

थोरलीला परकी भाषा येत नव्हती. तिला कळलं ते एवढंच, की आपण मार सांगितला आणि हिनं जेवण विचारलं.

"बाई," ती जाता जाता म्हणाली, "घरी आई असेल तर तिला तोंड दाखवू नका."

मॅनेजर शेजारीच उभा होता. धाकटीनं पाहुण्यासाठी दार उघडून धरलं.