परदेशाचं बोलावणं

सोळाव्या वर्षी मी जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक होते. जगाला तेवढं कळवायचं राहून गेलं होतं. अख्ख्या धुळ्यात व्हायोलिन वाजवणारी दुसरी मुलगी नव्हती, त्यामुळे पहिला नंबर माझाच. शेवटचाही माझाच होता, पण तिकडे बघायचं ते वय नव्हे.

शिकवायला नाना यायचे. ते पूर्वी एका नाटक कंपनीत फिडल वाजवत. कंपनी बुडाली, फिडल तरली, आणि तिच्यासकट नाना आमच्या ओसरीवर आले. त्यांनी मला मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवायला शिकवलं होतं. मग एकदा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुठूनसं एक जुनं इंग्रजी मासिक आणलं. त्यात एका गोऱ्या मुलीचं चित्र होतं. ती उभ्यानं, हनुवटीखाली व्हायोलिन दाबून वाजवत होती. झालं! त्या दिवसापासून माझी मांडी सुटली. पदर व्हायोलिनखाली अडके, गज तारा सोडून भलतीकडे पळे, मान दुखून यायची. नाना म्हणत, "पोरी, गंधार उतरला." मी म्हणे, "नाना, तिकडे असंच वाजवतात." तिकडे नाना गेले नव्हते तशी मीही गेले नव्हते, पण नाना भले गृहस्थ, गप्प बसत.

गप्प न बसणारं माणूस म्हणजे अक्का, आबांची थोरली बहीण. घर तिच्या शब्दावर चालायचं. एका दुपारी ती म्हणाली, "हे रडगाणं किती दिवस चालायचं गं? माणसं विचारतात, घरात कोण आजारी आहे म्हणून."

"अक्का, माझी किंमत इथं कळायची नाही. मला परदेशातून बोलावणं येणार आहे."

"कधी?"

आता, असं विचारल्यावर शहाणी मुलगी पाणी प्यायला आत गेली असती. मी म्हणाले, "होळीच्या आत. नाही आलं, तर व्हायोलिन खुशाल होळीत टाक."

"टाकीन," अक्का म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. अक्का बोलली की करायची. ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. व्हायोलिनशिवाय माझ्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं. खरं म्हणजे वाजवायलाही दुसरं काही नव्हतं, पण ते मी मनाशीसुद्धा कबूल करत नव्हते.

माघ संपत आला. परदेश काही हलेना. गल्लीतली पोरं होळीसाठी लाकडं गोळा करू लागली, तशी मी व्हायोलिनची पेटी उशाशी घेऊन झोपायला लागले. आणि एका सकाळी ओसरीवर एक पागोटेवाला आबांना सांगताना मी आतून ऐकलं, "पिंपळनेरथून उनू भाऊ. परदेशी लोकेसनी बलावणं धाडेल शे. पोरनं वाजवणं बठ्ठासले आयकनं शे."

परदेशी लोक! पिंपळनेरला! आणि सगळ्यांना माझं वाजवणं ऐकायचं होतं! माझी बुद्धी सुसाट धावली. पिंपळनेरपलीकडे डोंगर, डोंगरात जंगल, जंगलात वाघ, वाघामागे शिकारी साहेब, साहेबामागे तंबू आणि मडमा. मडमांना संध्याकाळी करमत नसणार. माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली हा प्रश्न मला पडलाच नाही. कीर्ती आहे, पोहोचायचीच.

पुढचे दिवस काय वर्णावे! नानांकडून मी बँडवाल्यांची एक इंग्रजी चाल बसवून घेतली. फुग्याच्या बाह्यांचं पोलकं शिवलं. आरशासमोर "थँक्यू" म्हणताना मान किती वाकवायची याचा रियाज तर गंधारापेक्षा जास्त झाला. आबा हे सगळं बघत होते आणि मिशीत हसत होते. मला वाटलं, लेकीचं कौतुक.

साक्रीपर्यंत एक मोटार, पुढे दुसरी. धुळीनं बाह्यांचे फुगे बसले. पिंपळनेरला उतरलो तर समोर मांडव, आंब्याच्या पानांची तोरणं, हळदीनं माखलेली नवरी आणि फेटे बांधलेले पाहुणे. मी हळूच विचारलं, "आबा, परदेशी कुठे आहेत?"

"हे काय, बठ्ठे परदेशीच!"

उत्तरेकडून पिढ्यांपूर्वी येऊन खानदेशात राहिलेल्या लोकांना आमच्याकडे परदेशी म्हणतात. हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. पण साहेबाचा तंबू एकदा डोक्यात ठोकल्यावर तिथं बाकी कशाला जागा उरते?

"मी नाही वाजवणार," मी म्हणाले.

"नको वाजवू," आबा शांतपणे म्हणाले. "होळी परवा आहे."

मी मांडवात उभी राहिले. हनुवटीखाली व्हायोलिन दाबलं आणि इंग्रजी चाल सुरू केली. बायका जरा वेळ ऐकत राहिल्या. मग नवरीची आजी पुढे आली, माझी मान चाचपून म्हणाली, "बिटिया, गर्दन अकड़ गई का? बैठ जा." हशा पिकला. माझ्या तोंडून "थँक्यू" निघून गेलं. त्यावर आणखी पिकला.

मग मी बसले. मांडी घातली. आजी बन्नी, म्हणजे नवरीचं गाणं, गाऊ लागली आणि मी तिच्या मागून गज ओढू लागले. चुकले की आजी माझ्या गुडघ्यावर चापट मारी, "ऐसे नहीं!" आणि ओळ पुन्हा. दुपार कलेपर्यंत तेच. एवढी शिस्त नानांनाही जमली नव्हती. गंधार मात्र जागेवर आला.

घरी आल्यावर अक्कानं दारातच अडवलं. "कोणी बोलावलं होतं?"

"परदेशींनी," मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले.

अक्का माझ्याकडे बघत राहिली, मग आबांकडे. आबा छताचे वासे मोजत होते. "परदेशींनी," अक्का सावकाश म्हणाली. "बरं." होळीत त्या वर्षी नुसती लाकडं आणि गोवऱ्याच पडल्या.

ती का विरघळली, हे पुढच्या वर्षी जळगावचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा कळलं. मुलाच्या आईनं व्हायोलिनची पेटी बघून नाक मुरडलं. "हे सासरी चालायचं नाही हो."

"तुमची मर्जी," अक्का पोह्यांची बशी पुढे सरकवत म्हणाली. "पण परदेशी लोक हिला मुद्दाम बोलावून घेतात."

मुरडलेलं नाक सरळ झालं. "अगं बाई! मग बोटीनं जावं लागलं असेल?"

"छे," अक्का म्हणाली. "मोटारीनं."

बाईंनी बशी हातात घेतली, पेटीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "मग राहू द्या. कोपऱ्यात एवढी जागा होईल."