लांबच्यांची हजेरी शेवटी

भूगोल हा विषय जगात फक्त एकाच माणसाला कळला, आणि तो माणूस आमच्या शहापूरच्या कॉलेजात शिकवायचा, यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर बाबा संघटनेची पत्रकं कुडाला चिकटवायचे आणि मी अक्षरं तिथंच शिकले. समता म्हटलं की मला मोर्चा, घोषणा आणि लाल शाई लागते. आमच्या भूगोलाच्या सरांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे होतं एक हजेरीपत्रक.

त्यातली नावं आडनावांप्रमाणे नसत, अंतराप्रमाणे असत. कॉलेजच्या फाटकासमोर राहणारा पहिला, मग बाजारपेठ, मग एकेक गाव, आणि एसटीसाठीही तासभर चालावं लागणारे पाडे सगळ्यात शेवटी. लांबच्याला पोचायला वेळ मिळावा, हा हिशेब. परिणाम असा झाला, की फाटकासमोरच्या हार्डवेअरवाल्याचा उशिरा उठणारा मुलगा वर्षभर गैरहजर आणि आम्ही पाड्यावरची पोरं कायम हजर. त्याचे वडील भांडायला आले, तेव्हा सरांनी नकाशा काढला. नकाशा ते कशावरही काढत. एकदा तर प्राचार्यांनी वाचायला दिलेल्या परिपत्रकाच्या पाठीवर त्यांनी अख्खा मुरबाड तालुका ओढ्यांसकट बसवला होता. तर नकाशातल्या आमच्या पाड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "तुमचा मुलगा रस्ता ओलांडतो, शेठ. ही पोरगी नदी ओलांडते." शेठ चहा न घेता गेले आणि सरांना मेमो मिळाला.

मेमो त्यांना सणासुदीसारखे ठरलेल्या वेळी मिळत. कुबड्यांवर चालणाऱ्या एका मुलासाठी दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग त्यांनी आंब्याखाली आणला, मेमो. लग्न झालेल्या एका मुलीला तान्ह्या बाळासकट वर्गात बसू दिलं, मेमो. वर बाळ रडलं की सर शिकवणं न थांबवता त्याला खांद्यावर घेऊन मान्सूनचे वारे समजावत आणि बाळ आमच्याआधी झोपत असे. वीटभट्टीचा मेमो मात्र माझ्यामुळे. आई आजारी पडली म्हणून तिच्या जागी मी भट्टीवर गेले आणि माझी चाचणी बुडाली. तिसऱ्या दिवशी सर स्कूटरवरून प्रश्नपत्रिका घेऊन भट्टीवर हजर. मी विटांच्या थप्पीवर पेपर लिहिला आणि तेवढा वेळ माझ्या वाटणीचा चिखल सरांनी तुडवला. तो इतका वाईट तुडवला, की मुकादमाने मला तीनदा विचारलं, "तुज्या मास्तरचा पेपर कदी संपल गो?"

पुढे मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले आणि त्याच वर्षी पदोन्नतीच्या अर्जात एक नवा रकाना आला: विविधता, समता आणि समावेशकता यांतील योगदान, पुराव्यांसह. निवृत्तीआधीची सरांची ही शेवटची संधी होती. दारावरच्या पाटीतला 'सहयोगी प्राध्यापक' त्यांना बोचायचा. "जन्मभर सहयोगीच का गो?" असं ते हसत विचारत, पण विचारत. आमच्या एका सहकाऱ्यांनी समता सप्ताहाचे फोटो जोडले. फ्लेक्सवर समता मोठ्या अक्षरांत होती आणि पाहुण्यांचं नाव तिच्याहून मोठ्या. सरांचा रकाना कोरा. फोटो कोणी काढायचा, असं त्यांनी मलाच विचारलं. त्यांचे पाय चिखलात होते आणि माझे हात पेपरात.

तेव्हा मला सुचलं, की मेमो जोडायचे. प्रत्येकावर तारीख, शिक्का, प्राचार्यांची सही. सरांनी काय काय केलं याचा याहून पक्का पुरावा कुठला? मी विजयी मुद्रेने फाईल लावली. सादर करायच्या सकाळी सरांनी पेन घेतलं आणि प्रत्येक मेमोतलं विद्यार्थ्याचं नाव काळं केलं. मी भांडले. निदान माझं तरी ठेवा म्हटलं. "तुजं एकटीचं ठेवलं तर बाकीची चोर वाटतील," म्हणाले.

समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. मेमो वाचताना ते दोनदा हसले, एकदा गंभीर झाले. मग काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाले, की लाभार्थी कोण, कुठल्या समाजाचे, हे कळल्याशिवाय पुरावा अपुरा. नावं उघडी करा, गुण आत्ता देतो. फाईल देऊन मी दाराशी उभी होते. सर माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

"अर्ज त्यांनी नाय केला, साहेब," सर म्हणाले. "अर्ज मी केलाय."

रकान्यात शून्य पडलं आणि पाटी तशीच राहिली. मी संतापून त्याच दिवशी एक पत्रक लिहिलं, दगड वितळेल असं. सरांनी ते शांतपणे वाचलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्यांच्या गावाची वाट काढून दिली. निवृत्तीनंतर ये म्हणाले. पत्रक छापायचं राहून गेलं. नकाशा माझ्याकडेच आहे.

सर निवृत्त होऊन गावी गेले आणि आता तो वर्ग माझ्याकडे आहे. हजेरी मी अंतराप्रमाणेच घेते आणि गेल्या आठवड्यात मला पहिला मेमो मिळाला. तो मी फाईलला लावला. शेवटच्या पाड्यावरचं शेवटचं नाव घेतलं, तरी हजेरीपत्रक मी लगेच मिटत नाही. क्षणभर दाराकडे बघते. अंतराच्या हिशेबाने आता सगळ्यात लांबचे सरच आहेत.