दोराचं खालचं टोक

“आज न्हाय.”

एवढंच बोलून आप्पा दगडावरून उठायचे, खाकी चड्डीला लागलेलं शेवाळ झटकायचे आणि माघारी चालू लागायचे. मागं दहा-बारा माणसं उभी असायची. अंगभर चिखल, कमरेला नवे कोरे पट्टे, डोक्यावर हेल्मेट. “अहो, पण का?” कुणीतरी ओरडायचंच. आप्पा वळूनसुद्धा बघायचे नाहीत.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आवाज जरा खाली ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण मला ते जमणार नाही. मी रागात आहे आणि रागातच लिहिणार आहे.

तुमच्यापैकी कुणी आमच्या सहलीला आला असाल तर तुम्ही आप्पांना पाहिलं असेल, आणि मनातल्या मनात शिव्याही घातल्या असतील. रविवारी सकाळी सहाला बेळगावातून निघायचं. जांबोटीपर्यंत डांबरी रस्ता. तिथून पुढं कणकुंबीच्या बाजूला रानात शिरायचं आणि तीन तास तांबड्या चिखलातून, ओढ्यांतून, दगडधोंड्यांतून मोटारसायकली हाणायच्या. मग धबधब्याच्या पायथ्याशी गाड्या लावायच्या आणि दोर धरून पडत्या पाण्यातून वर चढायचं. दुपारी भाकरी आणि कोंबडीचा रस्सा, संध्याकाळी घरी. जाहिरातीत याला आम्ही ‘थरार’ म्हणत होतो. मी आठवडाभर लेथवर काम करायचो आणि रविवारी पुढची गाडी चालवायचो. गाड्या मालकाच्या, जाहिरात मालकाची. दोर मात्र आप्पांचा.

आप्पांची उमर गेली होती लाकडाच्या कामात. खानापूरच्या अड्ड्यावर जाणारे ओंडके डोंगरउतारावरून दोर लावून खाली सोडायचे, हा त्यांचा धंदा. ते काम बंद पडल्यावर बरीच वर्षं त्यांनी गावातच भात केलं. मालकाला ते सापडले तेव्हा त्यांनी धबधब्याकडं बघून विचारलं होतं, “आणि वर काय हाय?” मालक म्हणाला, “काही नाही, वर जायचं आणि खाली यायचं.” आप्पा म्हणाले, “लाकूड तरी खाली न्यायला लागायचं. माणसं आपल्या पायानं येत्यात की.” तरी ते कामाला आले. दोराचं काम दुसऱ्या कुणी वाईट केलेलं त्यांना बघवायचं नाही, एवढंच कारण मला दिसतं.

त्यांना गाड्यांचा भयंकर राग. “रस्ता आसताना चिखलातनं जात्यात, आणि चिखल लागला म्हणून फोटू काढत्यात,” म्हणायचे. एकदा एका टोळक्यानं हौसेनं गाड्या थेट लावणीच्या शेतात घातल्या. कालच लावलेला तरवा चाकांखाली गेला. आप्पांनी एक अक्षर न बोलता पाचही गाड्यांच्या किल्ल्या काढल्या, कमरेच्या पिशवीत टाकल्या आणि बांधावर बसले. “लावा परत.” ते लोक हसले. मग चिडले. मग पैसे देऊ म्हणाले. शेवटी बूट काढून गुडघाभर चिखलात उतरले आणि दीड तास वाकून भाताची रोपं लावत बसले. आप्पा बांधावरून ओरडत होते, “आरं रोपांची वळ बघ की! वळ! शाळंत पट्टी मिळाली न्हाय व्हय तुला?” त्या दिवशी मालक माझ्यावर खेकसला, आणि मी घरी जाऊन बायकोला ही गोष्ट तीनदा सांगितली.

पायथ्याशी पोहोचलो की आप्पा एका दगडावर बसायचे. पंधरा-वीस मिनिटं नुसते बसायचे. पाण्याकडं बघायचे, डोंगरमाथ्याकडं बघायचे, आणि पट्टे बांधणाऱ्या माणसांकडंही बघायचे. मग “चला” नाहीतर “आज न्हाय”. पावसाळ्यात चारातला एक रविवार तरी ‘न्हाय’चा असायचा. मी एकदा म्हणालो, “आप्पा, कारण तरी सांगत जावा. लोक मलाच खात्यात.”

“कारण दिलं की माणूस त्येच्यावर घासाघीस करतंय, मेस्त्री,” ते म्हणाले. “नुसतं न्हाय म्हटलं की घासाघीस कशावर करणार?”

दोर मला त्यांनीच शिकवला. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दोर वरच्या मजबूत झाडावरून फिरवून खाली आणायचा आणि खालचं टोक दुसऱ्या झाडाला दोन वेढे देऊन धरायचं. म्हणजे माणूस घसरला तर वजन झाड घेतं, हात नुसता राखण करतो. लोखंडी कड्या-बिड्या त्यांना पटत नसत. गाठ चुकली की हातावर दोराचाच फटका द्यायचे. वर पुन्हा म्हणायचे, “वरचा माणूस सगळ्यांना दिसतोय. खालचं टोक धरणारा कुणाला दिसत न्हाय. म्हणून त्यो शाणा पायजे.”

आता त्या रविवारचं सांगतो.

ऑगस्ट होता. एका मोठ्या कंपनीतले अकरा जण आले होते, त्यांचे साहेबही बरोबर. मालक स्वतः आला होता, कारण अशा कंपनीची माणसं पुन्हा पुन्हा यावीत अशी त्याची इच्छा. त्या अकरांत एक चाळिशीचा, जरा स्थूल, चष्म्याचा माणूस होता. चिखलात तो चार वेळा पडला. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी स्वतःच हसला. पायथ्याशी आल्यावर त्याला हेल्मेटचा पट्टा लावता येईना. बोटं थरथरत होती. मी ते पाहिलं. पाहिलं आणि म्हणालो, “काय सर, थंडी वाजली?” सगळे हसले. तोही हसला.

आप्पा दगडावरून उठले. “आज न्हाय.”

आकाश निळं होतं. पाणी स्वच्छ, नेहमीपेक्षा कमीच. साहेब म्हणाले, “व्हॉट नॉनसेन्स.” मालकाचं तोंड लालबुंद झालं. त्यानं आप्पांना बाजूला घेतलं, हातवारे केले. आप्पा नुसते उभे. मग मालक माझ्याकडं वळला.

“तुला येतंय न्हवं दोर बांधायला?”

आलं नसतं तर बरं झालं असतं. पण मला येत होतं, आणि आपल्याला येतं हे सगळ्यांसमोर दाखवायची मला हौस होती. मी “व्हय” म्हणालो.

आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, “तू न्हेणार?”

“काय होत न्हाय ओ आप्पा. बघा की पाणी.”

मी वर गेलो, दोर बांधला. खालचं टोक झाडापासून लांब, उघड्या कातळावर घेतलं, कारण मालकाला फोटोत माणसामागं पूर्ण धबधबा यायला हवा होता. त्या टोकाला मालक स्वतः उभा राहणार होता. वरून बघतो तर आप्पांनी त्याच्या हातातून दोर काढून घेतला होता, स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता आणि टाच दगडाच्या खाचेत रोवून ते उभे होते. म्हातारा निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो गेला असता तर माझा पुढचा सगळा त्रास वाचला असता.

एकेक जण वर आला. चष्म्याचा माणूस नववा. अर्ध्यात आला आणि अडकला. पाय सुटले, दोराला लटकला, डोक्यावर पाणी कोसळतंय. ना वर येतोय, ना खाली जातोय. दहाएक मिनिटं तो तसाच होता. आम्ही वरून टाळ्या वाजवत होतो, त्याच्या नावाच्या घोषणा चालल्या होत्या. मालक खालून मोबाइलवर चित्रीकरण करत होता. शेवटी आप्पांनीच इंच इंच दोर सोडत त्याला खाली उतरवलं.

सगळे सुखरूप परतले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आप्पा पाणी वाढायला भ्याले असं सगळ्यांनी धरलं होतं; जेवताना एकानं त्यांना विचारलं, “अंकल, कुठाय तुमचा पूर?” मोठा हशा झाला. आप्पा केळीच्या पानावरची भाकरी डाव्या हातानं खात होते. उजव्या तळव्याचं कातडं सोललं होतं, ते मी जाताना पाहिलं.

काही झालं नाही. त्यानंच आप्पांचं वाटोळं झालं. काही झालं असतं तर त्यांच्या शब्दाला किंमत आली असती. पुढच्या रविवारी ते “आज न्हाय” म्हणाले तेव्हा पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. त्याच्या पुढच्या रविवारी मालक म्हणाला, “आप्पा, तुम्ही जेवणाचं बघा, दोराचं मेस्त्री बघतील.” आप्पांनी मोठ्या पातेल्यातला रस्सा एकदा हलवला, झाकण ठेवलं आणि घरी गेले. परत आले नाहीत. आणि मी? मी दोर बांधत राहिलो. दोन पावसाळे.

लोक म्हणतील, पोटासाठी. पोटासाठी नव्हतं. पोटाला लेथ होतं. वरून लोकांना हात देऊन खेचून घ्यायचं, त्यांनी “थँक यू सर” म्हणायचं, मला त्याची चटक लागली होती.

मागच्या हिवाळ्यात कळलं की आप्पा वडगावला मुलीकडं राहतात. जावयाचे घरातच दोन यंत्रमाग. गेलो. बाहेरच्या खोलीत खडखडाट इतका की ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. आप्पा कोपऱ्यात बसून मागाच्या कांड्यांवर सूत भरत होते. मला बघून हात थांबला नाही.

“आप्पा, त्या दिवसाचं... चुकलं माझं!” मी ओरडलो.

“काय?”

“माफी मागायला आलोय!”

“कशाची? काय झालं व्हतं तवा?”

“काय झालं न्हाय!”

“मग जा की.”

मुलीनं चहा आणला आणि नवऱ्याला खुणावून माग थांबवले. शेवटी एवढी वर्षं मनात असलेलं विचारलं. “आप्पा, त्या दिवशी पाण्यात काय दिसलं होतं तुमाला?”

“पाण्यात? काय न्हवतं. झकास पाणी व्हतं.”

“मग न्हाय का म्हटलासा?”

आप्पांनी भरलेली कांडी टोपलीत टाकली. “त्यो चष्म्यावाला. त्येला चढायचं न्हवतं. लई भ्यालता. सायबाफुडं त्येच्या तोंडातनं न्हाय निघंना. म्हणून मी म्हटलो.”

त्यांनी दुसरी कांडी घेतली.

“आता कारण सांगितलं आसतं तर त्येची लाज गेली आसती का न्हाय? म्हणून कवा सांगत न्हवतो. निम्म्या येळी पाण्याचं आसतंय, निम्म्या येळी कुणाचं तरी.” मग त्यांचा आवाज चढला. “हात बघितलास तू त्येचं. मी तुझ्याकडं बघत व्हतो. तू बघितलास आणि चेष्टा केलास! काय झालं न्हाय म्हणतोस. त्येला जाऊन इचारलास कवा? धा मिनटं वजन माझ्या कमरंला व्हतं. वरनं टाळ्या, आणि खाली त्यो रडायलता. मी ऐकत व्हतो, मेस्त्री. पाण्यात तुमाला कुणाला आलं न्हाय ऐकू.”

जावयानं माग सुरू केले. मी उठलो.

त्या आठवड्यातच मी सहलीचं काम सोडलं. हे सांगून मला शाबासकी नको. दोन वर्षं उशिरा सोडलं, आणि माझ्या जागी मालकाला चार दिवसांत दुसरा मिळाला.

उन्हाळ्यात आप्पा गेले. मातीला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. “दादा, आप्पाचा एक बी बरा फोटो न्हाय आमच्याकडं. भिंतीला लावायचाय. तुमच्यात लई फोटो काढत्यात न्हवं? एक द्या की.”

मी मालकाच्या इंटरनेटवरच्या पानावरचे सगळे फोटो उघडले. चार पावसाळ्यांचे. चिखल उडवणाऱ्या गाड्या, मुठी उंचावलेले पाहुणे, पडतं पाणी, मी, मालक, पुन्हा मी. दोन तास बघत होतो. आप्पा एकाही फोटोत नाहीत.

मग त्या रविवारचं चित्रीकरण सापडलं. ‘भीतीवर मात’ असं वर लिहिलंय, जणू तो माणूस वर पोहोचला होता. आवाज काढून त्यावर धांगडधिंग्याचं संगीत घातलंय. चष्मा निसटलेला, पाण्याखाली तोंड उघडं असलेला तो माणूस काहीतरी बोलतोय. वरच्या झाडावरून ताणलेला दोर तिरका खाली येतो, आणि चौकटीच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात मनगटापर्यंत दोन हात दिसतात. म्हातारे, गाठाळ, दोर करकचून धरलेले. बाकीचे आप्पा चौकटीबाहेर आहेत.

मुलीला हेच पाठवावं का, असा विचार करत मी पडद्यावर खाली सरकत आलो. चित्रीकरणाखाली प्रतिक्रिया म्हणून लोकांनी हसरे चेहरे टाकले होते, ओळीनं. कुणी कुणी टाकलेत ते बघायला मी यादी उघडली आणि शेवटपर्यंत गेलो, जिथं सगळ्यात पहिला हसलेला माणूस असतो.

तिथं माझं नाव होतं.