पाचच्या यष्टीतली सभा

लोकशाहीवर मी पुष्कळ पत्रकं वाचली, काही स्वतः लिहिली. पण ती मला खरी शिकवली माझा मित्र सलीम याच्या चाचांनी, आणि तीही तिकीट काढायला लावून. चाचा एसटीत कंडक्टर होते. माणसं मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांच्या पुढे चालत डोकी मोजत. घरातून निघताना चौकटीवर चमच्यानं दोनदा टिणटिण करत, मगच चाची दार लावून घ्यायच्या. एकदा भाटघरजवळ एक डोकं कमी भरलं, म्हणून त्यांनी भरली गाडी मागं फिरवायला लावली. रस्त्याकडेला एक आजी निवांत चप्पल शिवून घेत बसलेल्या.

"आजी, सांगून तरी उतरायचं!"

"सांगितलं असतं तर उतरू दिलं असतंस व्हय?"

त्या वर्षी एका संस्थेनं आमच्या गावाला आणि वरच्या वाड्यांना मिळून अनुदान दिलं. अट एकच होती. ते कशावर खर्चायचं, हे पंचविशीच्या आतल्यांनीच ठरवायचं. मी पेटलो. मला वाचनालय हवं होतं. त्याशिवाय समाज बदलणार कसा? 'प्रत्येक तरुण-तरुणीला समान आवाज' असं पत्रक मी घरोघर वाटलं. सभा संध्याकाळी सहाला, शाळेत. त्या दिवशी चाचांची सुट्टी होती, म्हणून सलीमनं त्यांना पंच म्हणून बसवलं. कुणी तेच तेच बोलू लागलं, की चाचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा कटकट वाजवत आणि म्हणत, "पुढं सरका, पुढं सरका." माझ्या भाषणात तो अकरा वेळा वाजला. मतदानाआधी मात्र ते उठले आणि सवयीनं डोकी मोजली.

"बत्तीस. समदी पोरंच. वाड्यांतल्या पोरी कुठं हायेत?"

"पत्रक दिलं होतं, चाचा. आल्या नाहीत," मी म्हणालो.

"येतील कशा? भोरच्या कालेजातनं पाचच्या गाडीनं जात्यात त्या. मीच फाट्यावर उतरवतो. तितनं चालत वाडी. तुझ्या सभेला उडत येतील व्हय?"

"मग काय, सभा गाडीत भरवायची?" सलीम हसला.

"व्हय. पर तिकीट काढायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भोरला जाऊन पाचच्या गाडीत चढलो. दांडीला लोंबकळत मी वाचनालयावर बोललो. दर खड्ड्याला माझा एक शब्द गिळला जाई. मग वरच्या वाडीची सुशीला मांडीवरचं दप्तर सावरत म्हणाली, "वाचनालय चांगलंच हाय, दादा. पर पावसात फाट्यावर आमची पुस्तकंच भिजत्यात. आदी छप्पर द्या. आन एक संडास. सकाळी गाडी येईस्तवर आमी पोट दाबून उभ्या ऱ्हातो."

मागच्या बाकांवरचं हसणं थांबलं. हात वर झाले. चाचांनी मागून पुढे येत ते मोजले. वाचनालय एका मतानं पडलं. ते मत माझं होतं. माझ्या कानाजवळ चिमटा एकदाच, हलकेच वाजला.

फाट्यावर निवारा झाला, मागं संडासही. निवृत्तीनंतर चाचा रोज पाचला तिथं जाऊन बसत, उतरणाऱ्या पोरी मोजत, आणि एखादी कमी भरली तर बाकीच्यांकडे तिची चौकशी करत. ते गेल्याला आता बरेच दिवस झाले. परवाही मी सहज तिथं थांबलो होतो. गाडी आली, सहा पोरी उतरल्या, रोजची सातवी दिसेना. डबल बेल झाली, गाडी हलली, आणि मी तिच्यामागं दोन पावलं धावलोसुद्धा.