नववी वायर

शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलं नाही – आणि आता सांगायला ती उरली नाही. मुलीला सांगितलं नाही. ज्याचं नुकसान केलं त्यालाही नाही. मग तुम्हालाच का? खरं सांगू? तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही, म्हणून. समोर कुणी असलं की मी विषय बदलतो. त्यात मी फार हुशार आहे. तीस वर्षं बदलत आलोय.

आताही बदलावासा वाटतोय, बघा. बहरीनच्या उन्हाळ्याबद्दल सांगावं, तिथल्या दमट हवेत शर्ट कसा पाठीला चिकटायचा ते सांगावं... नको.

मी एसीच्या कामातला माणूस. सत्तरच्या दशकात बहरीनला हेल्पर म्हणून गेलो, खांद्यावर कॉम्प्रेसर घेऊन जिने चढलो, आणि नव्वदच्या सुमाराला फोरमन झालो. हाताखाली अकरा माणसं. तिथल्या माहूज भागात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. हॉल मोठा होता, म्हणून शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या लोकांची बुद्धवंदना आमच्याकडे व्हायची. मी पुढे बसून म्हणायचो, बाकीचे मागून म्हणायचे. तायडेसाहेब, तायडेसाहेब! फार आवडायचं मला ते. त्या ‘साहेब’पायीच हे सगळं झालं, असं म्हटलं तरी चालेल. नाही – चालणार नाही. माझ्यापायी झालं.

सुजाता आमची एकुलती एक. अकोल्याला आत्याकडे राहून गणितात एमएस्सी केलं, पहिल्या वर्गात, आणि मग आमच्याकडे आली. ईसा टाउनच्या एका शाळेत शिकवायला लागली. सकाळी साडेसहाला बस पकडायची, दुपारी वह्यांचा गठ्ठा घेऊन परत यायची. दिसायला आईसारखी, आणि नाक – नाक माझं. जरा वरच असलेलं.

स्थळं यायला लागली. इंजिनियर, सुपरवायझर, दुबईचा एक, दम्मामचा एक. तेव्हा तिनं अट घातली. फोटो नको, पत्रिका तर आमच्यात नाहीच. ती एका पाकिटात तीन कोडी लिहून देणार. बाबांनी ते पाकीट मुलाला द्यायचं. चार दिवसांत त्यानं उत्तरं लिहून पाकीट बाबांकडे परत करायचं. उत्तर पटलं तर पुढचं बोलणं, नाहीतर यल्ला, चला, नमस्कार. शांतानं कपाळावर हात मारला. ‘काहून व पोरी, लग्न करून राह्यली का परीक्षा घेऊन राह्यली?’

पहिली दोन कोडी सोपी असत. तिसरं मात्र नेहमी एकच. वर तीन घरं, खाली तीन ठिकाणं – वीज, पाणी, गॅस. प्रत्येक घराला तिन्ही गोष्टी पोचवायच्या. म्हणजे नऊ रेघा. एकही रेघ दुसरीला छेदता कामा नये. बस, एवढंच.

काय काय करायचे हो ते लोक! दुबईच्या इंजिनियरनं एक रेघ सरळ घराच्या पोटातून नेली. एकानं दोन रेघा एकमेकींवर इतक्या हलक्या हातानं काढल्या की कुणाला दिसू नयेत. दम्मामवाल्यानं लिहिलं – उत्तर माहीत आहे, साखरपुडा झाल्यावर सांगतो. सुजा लाल पेनानं फुली मारायची आणि पाकीट माझ्या हातात परत द्यायची. बहरीन केवढंसं! शुक्रवारी वंदना झाली की कुणीतरी विचारायचंच – ‘काय तायडेसाहेब, या आठवड्यात कुणाचं मुंडकं?’ कोडी घालणारी ती गोष्टीतली राजकन्या सगळ्यांना ठाऊक होती. उत्तर चुकलं की तलवार. ज्यांची मुंडकी उडाली ते पुन्हा आमच्या हॉलमध्ये यायचे बंद झाले. एकानं तर बदली मागून घेतली. माझ्या मुलीला लोक गर्विष्ठ म्हणायचे, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. राजकन्येचा बाप म्हणजे राजाच की! आणि मला सांगा, त्या गोष्टीत राजाकडे कधी कुणी नीट बघतं का?

एका दुपारी मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला ते तिसरं कोडं सोडवायला बसलो. तासभर घासलं. चिडलो. सुजा वह्या तपासत होती, ती हसायला लागली. ‘बाबा, ते सुटतच नाही. कागदावर शक्यच नाही, हे सिद्ध झालेलं आहे. मला फक्त बघायचंय, “मला नाही जमलं” असं कोण लिहितो.’

मी म्हटलं, ‘आणि लिहिलं कुणी, तर?’

‘तर त्याला चहाला बोलवा,’ ती म्हणाली आणि पुन्हा वह्यांत डोकं घातलं.

म्हणजे उत्तर दोघांनाच माहीत होतं. तिला आणि मला. हे लक्षात ठेवा. मी अजाण नव्हतो.

माझ्या हाताखाली मिलिंद नावाचा एक टेक्निशियन होता. मूर्तिजापूरकडचा, आयटीआय झालेला, अठ्ठावीस-एकोणतीसचा. कंपनीच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत सहा जणांत राहायचा. मशीनला कान लावून बिघाड सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. एका शुक्रवारी वंदनेच्या ऐन वेळी हॉलमधला एसी बंद पडला. तो स्टुलावर चढला, सुजा खाली टॉर्च धरून उभी. तिनं कुठल्याशा भागाकडे बोट दाखवून विचारलं, हा असाच वाकडा का असतो? तो म्हणाला, ‘मले नाई माहीत, मॅडम. असा राह्यला तं चालते, एवढं माहीत हाये. विचारून सांगतो.’ आणि पुढच्या शुक्रवारी खरंच विचारून येऊन सांगितलं. मी पुढे बसलो होतो. मला सुजाचा चेहरा दिसला. बापाला दिसतं हो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिनं शाळेला जाता जाता माझ्या हातात पाकीट ठेवलं. ‘हे मिलिंदला द्या.’

मी म्हटलं, ‘अगं, तो काही स्थळ नाही.’

‘ते मी ठरवीन ना, बाबा,’ असं म्हणून ती जिना उतरली. तिनं आपणहून दिलेलं ते पहिलंच पाकीट. आणि शेवटचंही.

मी दिलं. का दिलं? तो नापास होणार याची मला खात्री होती म्हणून. इतक्या इंजिनियरांची मुंडकी उडाली, तिथं हा काय टिकणार? तोही लपवाछपवी करील, सुजाचं मन आपोआप उतरेल, माझ्या हाताला रक्त लागणार नाही. मी म्हणालो, ‘मॅडमनं कोडी दिलीत, सोडवून आण.’ त्या पाकिटाचा अर्थ सगळ्या बहरीनला माहीत होता. त्याचे कान लाल झाले. त्यानं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं.

चौथ्या दिवशी, वर्कशॉपमध्ये चहाच्या सुट्टीत, तो माझ्याकडे आला. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात प्लायवूडचा तुकडा. वर तीन खिळे, खाली तीन खिळे. लाल, पिवळ्या, निळ्या वायरी – कुठंही एकमेकींवर न चढलेल्या, फार साफ काम. आठ वायरी होत्या. नववी, निळी, एका खिळ्याला बांधलेली आणि दुसरं टोक मोकळं.

‘साहेब, आठ जातात. नववी नाई जात. चारही दिवस बसलो. मले नाई जमलं. अन् मले वाटते, कोणालेच नाई जमणार. तसंच लिहिलं मी.’

त्याला लाज वाटत नव्हती. जमलं नाही म्हणून सांगताना तो ताठ उभा होता. सगळ्या आखातात एक बरोबर उत्तर निघालं, आणि ते माझ्या हातात होतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. हा माझा जावई? हा – जो माझी टूलबॅग उचलतो? शुक्रवारी लोक काय म्हणतील? राजकन्येला शेवटी बापाच्या हाताखालचा मिळाला? – हे मी मनात म्हणालो. मी, ज्याचा बाप गावात मोठ्या घरासमोर चपला काढून उभा राहायचा. आमच्याकडे वरून बघणारी ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. तिची मला चीड होती, तिच्यापासून लांब जायला तर मी समुद्र ओलांडला. त्या दिवशी ती माझ्याच डोळ्यांत होती. मिलिंदला दिसली असेल का? हे मी अजून स्वतःला विचारतो.

दुपारी अदलिया भागात एका रेस्टॉरंटचं काम होतं. गाडीत बसून मी पाकीट उघडलं, कागद वाचला आणि फाडला. बारीक बारीक तुकडे केले. रेस्टॉरंटच्या मागे कचऱ्याचा ड्रम होता, त्यात तुकडे आणि वर ती फळी टाकली. झाकण लावलं तर निळी वायर बाहेर राहिली. मी ती बोटानं आत ढकलली आणि कामाला गेलो.

घरी आलो तर सुजानंच दार उघडलं. एरवी शांता उघडायची. ‘दिलं का त्यानं?’

मी म्हणालो, ‘कोरा कागद परत दिला. म्हणाला, ही असली थेरं आपल्याला नकोत.’

दुसरं वाक्य कशाला जोडलं मी? कोरा कागद पुरला असता. पण खोट्याला टेकू द्यायची सवय. ‘असं म्हणाला?’ तिनं विचारलं. हो म्हणालो. ती आत गेली, लाल पेन घेऊन वह्यांपुढे बसली. माझा चहा पिऊन, पेपर वाचून झाला तरी तिनं पहिल्या वहीचं पान उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिलिंदनं विचारलं, ‘मॅडमनं वाचलं का, साहेब?’

‘वाचलं.’

‘काही म्हटलं?’

‘नाही.’

त्यानं मान हलवली आणि टूलबॅग उचलली. पुन्हा कधीच विचारलं नाही. मीच घाबरलेलो. दोघं समोरासमोर आली तर? म्हणून माहूजकडची कामं त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला शुक्रवारची शिफ्ट लावली, म्हणजे वंदनेला यायलाच नको. कुणाला वंदनेपासून लांब ठेवतोय आपण, असं मनात आलं नाही? आलं. तरी लावली. आणि त्याच शुक्रवारी पुढे बसून मी चौथं शील म्हटलं, खोटं न बोलण्याचं. खणखणीत आवाजात. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. सुजानंही.

काँट्रॅक्ट संपल्यावर तो कायमचा गेला. जायच्या आधी भेटायला आला. ‘साहेब, माह्याकडून काही चुकलं असल तं माफ करा.’ मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘इंशाल्ला, भेटू परत.’ भेटलो नाही. मूर्तिजापुरात त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, मुलंबाळं आहेत, असं ऐकतो. अकोल्याहून तासाभराचा रस्ता. मी त्या गावात अजून उतरलेलो नाही.

सुजानं नंतर दोघांना पाकिटं दिली, तीही आईनं फारच धरलं म्हणून. मग एक दिवस म्हणाली, ‘खलास, बाबा. आता कुणाला आणू नका.’ लोक म्हणाले, गर्व. शांता म्हणाली, गर्व. ‘तुह्या गर्वानं तुह्यं वाटोळं केलं’ – हे ती पोरीला वर्षानुवर्षं ऐकवत राहिली. शेवटी दवाखान्यातही तेच म्हणाली, डोळ्यांत पाणी आणून. तिचा हात माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. एकच! आई मुलीवरचा राग सोडून गेली असती. मी तिचा हात थोपटत राहिलो. सुजा पायाशी उभी होती, ऐकत होती.

आता आम्ही दोघंच अकोल्याला राहतो. सुजा पंचावन्नची झाली. घरी शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात तिनं मुलांना तेच कोडं घातलं, तीन घरं आणि नऊ रेघा. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, ‘मॅडम, माझी आई सांगते, तुम्ही असली कोडी घालून घालून लग्नच केलं नाही. खरं?’

मला वाटलं, सुजा रागावेल. ती हसली. म्हणाली, ‘खरं आहे. मला उत्तर नको होतं गं. कुणीतरी “मला नाही जमलं” एवढंच लिहायला हवं होतं. एकानंही लिहिलं नाही.’

मी त्याच खोलीत खुर्चीवर बसलो होतो. हातात तिनंच करून दिलेला चहा होता. तो मी पिऊन संपवला.

एकानं लिहिलं होतं. निळ्या शाईनं, बारीक अक्षरात, खाली पूर्ण नाव घालून. मी वाचलं होतं.